कूलरच्या भिंतीला ठोकलेला रॅक

सुई पुन्हा उडाली. गाणं अर्ध्या ओळीवरून भलत्याच ठिकाणी जाऊन पडलं आणि ढोके काकांनी डोळे मिटून घेतले.

“पायलं, ताई? सकाळपासून हेच चालू हाय,” ते म्हणाले. “हा रॅकच बेकार हाय.”

“रॅकले काही म्हनू नका, भाऊजी!” प्रमोदभाऊ उसळले. “अस्सल सागवान हाय. हत्ती बसवा त्याच्यावर.”

प्रमोदभाऊ म्हणजे काकूंचे भाऊ. लकडगंजात त्यांचं फर्निचरचं दुकान आहे आणि हा रॅक त्यांनीच बनवलेला. माझं काम घरोघरी म्युझिक सिस्टिम बसवण्याचं. प्रताप नगरातल्या या हॉलमध्ये टर्नटेबल, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मीच लावले होते. रॅक निर्दोष म्हटल्यावर दोषी कोण उरलं? काका, काकू, प्रमोदभाऊ, तिघंही माझ्याकडे पाहत होते. खिडकीतला कूलर इतका घरघरत होता की बोलायचं तर ओरडूनच. दुखणं काय ते मला दारातच कळलं होतं, पण मला बोलू देईल तर ना कोणी!

तबकडी साधीसुधी असती तर मीही एवढी चिडले नसते. काकांचे वडील सावनेरला लग्नाकार्यात लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. त्यांच्या रेकॉर्ड काकांनी जपून ठेवल्या होत्या. काका त्यांना तवे म्हणतात. त्यातला एक तवा वडील मांडव रिकामा झाल्यावर, वायरी गुंडाळताना, फक्त स्वतःसाठी लावायचे. काकांनी खूप शोधूनही त्याची दुसरी प्रत मिळाली नव्हती. आता तोच तवा फिरत होता. सुई उडते तेव्हा नुसतं गाणं पुढे जात नाही. ती खाली आपटते, ओरखडा पडतो, आणि तो ओरखडा कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

खरं तर हिवाळ्यातच मी घसा फोडून सगळं सांगितलं होतं. काकांना रॅक मजबूत हवा होता, काकूंना देखणा. काकूंना काचेची दारं हवी होती आणि आत निळे लाइट. मी म्हटलं, ॲम्प्लिफायर तापतो, त्याला हवा लागते, दारं नकोत. “मंग धूळ?” “फडकं मारा.” हे त्यांना आवडलं नाही. पुढच्या वेळी गेले तर तापलेल्या ॲम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. काढली. दारांवर शेवटी पाणी सोडलं त्यांनी, पण तोंड फुगवूनच.

मग प्रमोदभाऊंना बसवून समजावलं. टर्नटेबलची सुई बारीकशी थरथर टिपते आणि त्यातूनच गाणं निघतं. थरथर गाण्याची की शेजारची, हे तिला कळत नाही. म्हणून रॅक जड हवा, पण आपल्या पायांवर उभा हवा. भिंतीपासून चार बोटं लांब. भिंतीत खिळा नको, स्क्रू नको.

“आणि रॅकच्या भिंतीतल्या या खिडकीत कूलर लागतो का?” मी विचारलं.

“लागत होता,” काका म्हणाले. “यंदा आमी एसी घेऊन राहिलो.”

मी नागपूरचीच आहे. हे वाक्य दर हिवाळ्यात ऐकते, माझ्या घरीसुद्धा. माणूस स्वेटर घालून एसीच्या गप्पा मारतो आणि ऊन तापलं की मुकाट्याने गच्चीवरचा कूलर उतरवून त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लावतो. म्हणून पुन्हा विचारलं, “नक्की?”

“नक्की म्हंजे? ठरलंच हाय!” काका म्हणाले. काकूंनीही मान हलवली.

रॅक आला तो मात्र पाहत राहावा असा. कडा गोल, पॉलिश मऊ, टर्नटेबलची फळी पाण्यासारखी सपाट. फक्त भिंतीला चिकटलेला. “मागं जागा सोडली की पाली होतात,” काकू म्हणाल्या. पालींपुढे माझं काय चालणार?

“भिंतीला ठोकला तर नाही ना, प्रमोदभाऊ?”

“छे! नुसता टेकवला हाय.”

उरलेला हिवाळा सगळं सुरळीत चाललं. मग ऊन तापलं. एसी घ्यायच्या आधीच, त्यानं गुडघे धरतात असं काकूंच्या लक्षात आलं आणि कूलर खिडकीत बसला, रॅकपासून हातभर अंतरावर.

तर आता कोणी बोलूच देईना म्हटल्यावर शेवटी मी उठले आणि सरळ कूलरचं बटन बंद केलं.

“अवं ताई, बाहेर आग पडून राहिली नं!” काकू ओरडल्या.

“एक गाणं, काकू. फक्त एक.”

तवा पहिल्यापासून लावला. एका जागी खट्ट झालं, तो सकाळचा ओरखडा. बाकी गाणं शेवटपर्यंत नीट वाजलं. आम्ही चौघंही घामाने निथळत होतो, पण कोणी हललं नाही. काका तर सुई उचलायचंही विसरले. इतका वेळ चढलेला माझा पारा तेव्हा जरा उतरला.

मग सुई उचलून कूलर पुन्हा सुरू केला आणि प्रमोदभाऊंना म्हटलं, “रॅकवर हात ठेवा.” त्यांनी ठेवला. सागवान मुंग्या आल्यासारखं थरथरत होतं.

“नुसता टेकवलेला एवढा थरथरत नाही,” मी म्हटलं.

“भाऊजी मजबूत पायजे म्हनले नं, ताई. चार बोल्ट मारले भिंतीत. वरून भोकांत लाकडाच्या गुट्ट्या ठोकून पॉलिश केलं.” एवढं झाल्यावरही त्यांचा चेहरा खुललेलाच. “दिसते का कुठं? सांगा!”

“काढा ते.”

“काढाले गेलं तं लाकूड फुटन.”

“फुटू दे!” काका म्हणाले.

“काहून फुटू दे?” काकू उठून उभ्याच राहिल्या. “माह्या भावानं जीव लावून बनवला तो!”

कूलरपेक्षा मोठा आवाज या घरात निघू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. रॅक फोडायचा नाही, तवाही खराब होऊ द्यायचा नाही. शेवटी निकाल काकूंनीच दिला. कूलर बेडरूममध्ये जाईल.

“अन् मी हॉलमधे कसा बसू?” काकांनी विचारलं.

“तुमचं गानं, तुमचा घाम,” काकू म्हणाल्या.

उन्हाळाभर काका डोक्यावर ओला टॉवेल घेऊन हॉलमध्ये तवे ऐकत बसले. काकू आत कूलरच्या गारव्यात पडून असत आणि मधूनच सांगत, “आवाज वाढवा जरा.” सुई पुन्हा उडाली नाही. तो एक ओरखडा मात्र राहिलाच.

तेव्हापासून मी खिडकीची भिंत रॅकसाठी धरतच नाही, मग घरचे एसीबद्दल काहीही सांगोत.

दिवाळीनंतर काकांचा फोन आला. “ताई, यंदा एसी पक्का. कूलर भंगारात.”

“भंगारात गेला की फोटो पाठवा,” मी म्हटलं.

फोटो अजून आलेला नाही.