सासऱ्याचा कान

आम्हाला शिकवायला आलेला मास्तर माझ्यापेक्षा वयानं लहान होता, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. वयानं लहान माणूस डॉक्टर असतो, फौजदार असतो, त्याला आपण नमस्कार करतोच की. माझा राग निराळा आहे आणि तो इतक्या वर्षांत उतरलेला नाही. घरातली पोरं म्हणतात, आजोबा, सोडून द्या आता. मी सोडणाऱ्यातला नाही.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. मी अंबरनाथला आगपेट्यांच्या कारखान्यात होतो. माझे सासरेही तिथंच, लाकडाच्या आवारात. वॅगनीतून ओंडके यायचे. ते उतरवायचे, रचायचे, खांद्यावरून यंत्रापर्यंत न्यायचे, असं काम करणारी एक टोळी होती आणि सासरे त्या टोळीचे मुकादम होते. आम्ही दोघेही बदलापूर गावातले. त्यांचं घर वरच्या आळीला, माझं खालच्या. मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला जावई म्हणायचे, आणि चारचौघांत असलो की जावईबापू.

मुकादमीत पैसा फार नव्हता, पण खांद्यावर ओंडका येत नव्हता. मामांच्या दृष्टीनं तेवढंच महत्त्वाचं होतं. त्यांचा उजवा खांदा पूर्वी एकदा ओंडक्याखाली सापडला होता. तेव्हापासून तो हात कपाळाच्या वर जात नसे. सदरा घालायचा तर सासूबाई बाही धरून उभ्या राहायच्या.

अशात नवा साहेब आला आणि त्यानं नियम काढला. यापुढं मुकादमाला लिहिता-वाचता आलं पाहिजे. दिवाळीनंतर परीक्षा. पास होईल तो मुकादम, नाही होणार त्यानं टोळीत ओंडके वाहायचे. मामांना अक्षर म्हणून माहीत नव्हतं. तोपर्यंत कुणाला त्याची अडचणही झाली नव्हती.

साहेबानं उपकार केल्यासारखी एक सोय केली. सुटी झाल्यावर शाळेच्या एका खोलीत वर्ग भरायचा, मास्तर कारखाना देणार. मामा एकटे जायला बुजत होते. माझी तिसरी झालेली, मला मुकादम व्हायचं नव्हतं. पण म्हटलं, चला, मामांना सोबत होईल आणि आपलीही चौथी पदरात पडेल. दोघांनी मिळून नाव घातलं.

कुणी म्हणेल, तुला वाचता येत होतं तर घरीच का नाही शिकवलंस? शिकवून बघितलं. मामा माझ्या घरी बसायचे नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही रीत आमच्याकडं कडक पाळत. मग मीच पाटी घेऊन वरच्या आळीला गेलो. जावई आला म्हटल्यावर सासूबाईंनी पाट मांडला. मी पाटीवर 'ग' काढतोय तोवर पुढ्यात घावणे आले. शेजारची दोन माणसं जावयाला भेटायला म्हणून येऊन बसली. मामा स्वतः उठून मला पाणी देऊ लागले. तीन-चार वेळा गेलो आणि प्रत्येक वेळी जेवूनच परत आलो. मामा 'ग' वरून पुढं सरकले नाहीत. शिवाय मला शिकवता येत नाही. मी एकदा सांगतो, दुसऱ्यांदा माझा आवाज चढतो.

तर मास्तर. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट. देशावरचा होता. ट्रेनिंग झालेला, त्यातही वरच्या नंबरानं, असं साहेबानं आम्हाला मुद्दाम सांगितलं होतं. त्याचं अक्षर मात्र बघत राहावं असं. फळ्यावर ओळ काढली की वाटायचं, पुसू नये. वेळेला पक्का. कधी कुणाला शिवी दिली नाही की छडी उगारली नाही. पण तो सगळ्यांना 'अरे तू' म्हणायचा, बाकं दुसरीच्या पोरांची होती, आणि त्यात गुडघे मावत नसल्यामुळं आम्ही पाय वाटेत काढून बसलो की म्हणायचा, "पाय आत."

त्याची एक पद्धत होती. पोरांच्या शाळेतली. फळ्यावर शब्द लिहायचा आणि एकेकाला वाचायला उभं करायचं. चुकला तो उभाच राहील. ज्याला येईल त्यानं सगळ्या उभ्या असलेल्यांचे कान पिळायचे आणि मग सगळ्यांनी बसायचं. पहिले काही दिवस गंमत वाटली. जवान मंडळी एकमेकांचे कान असे पिळायची की वर्ग हसून लोळायचा. मामा चुकत, पण दर वेळी दुसराच कुणीतरी बरोबर सांगे, आणि तो मुकादमाचा कान नुसता बोट लावून सोडी. मला ठाऊक होतं की एक दिवस पाळी माझ्यावर येणार. म्हणून मला शब्द आला तरी मी गप्प बसायचो.

पण एकदा मास्तरनं मलाच उभं केलं. फळ्यावर 'औषध' लिहिलं होतं. माझ्या आधीचे पाचसहा जण उभे होते, त्यांत मामा. येत नाही म्हणायला माझी जीभ वळेना. तिसरी झालेला माणूस मी, येतं ते येत नाही कसं म्हणू? वाचलं.

"शाबास. पिळ कान," मास्तर म्हणाला.

मी बाकीच्यांचे पिळले. मामांपाशी आलो आणि थांबलो.

मागून टोळीतला एक ओरडला, "पिळ रे, पिळ! लग्नात मानपान राहिला असंल तर आज वसूल कर!"

वर्ग खिदळला. मी मास्तरला म्हटलं, "हे माझे सासरे आहेत."

"असतील. वर्गात सासरा-जावई नसतो. वर्गात फक्त विद्यार्थी."

"मला जमणार नाही."

"नियम सगळ्यांना सारखा आहे. एकाला सोडलं तर बाकीच्यांवर अन्याय."

आणि मामांनी काय करावं? मान खाली घालून त्यांनी कान माझ्याकडं केला. हळूच म्हणाले, "पिळा, जावई. लवकर पिळा. शब्द पुसून टाकंल तो."

माझ्या अंगाची लाही झाली. ज्या माणसानं लग्नात माझे पाय धुतले, त्याचा कान मी या किडकिडीत पोराच्या सांगण्यावरून पिळू? मी हात मागं बांधून उभा राहिलो. मास्तर म्हणाला, "मग बाहेर." मी बाहेर गेलो. मला वाटलं, मामा माझ्या पाठोपाठ येतील. मी पायरीवर वाट बघत बसलो. आतून सगळ्यांचा एका सुरात 'औषध, औषध' म्हणण्याचा आवाज येत राहिला, आणि त्यात मामांचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता.

वर्ग सुटल्यावर रुळांच्या कडेनं बदलापूरची वाट धरली.

"मामा, तुम्ही उठून का नाही आलात?"

"कशाला येऊ? मी काय कान जपाया गेलतो व्हय तिथं?"

"लोक हसतात तुम्हाला."

"हसू द्या. वझं उचलाया येणार हायेत का ते?" मग म्हणाले, "तुमचा मान तुमच्यापाशी, जावई. माझा खांदा माझ्यापाशी."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत. बाबांचा कान पिळून आला असतात तर मी ताट वाढलं नसतं." मला बरं वाटलं. घरात तरी कुणाला कळतंय.

मी पुन्हा वर्गाला गेलो नाही. माझी चौथी राहिली ती राहिलीच. मामा जात राहिले, एकटे. टोळीतली पोरं सकाळी गेटाशी मला अडवून सांगायची, "तुमच्या मामांचा कान काल लाल केला बरं का आम्ही!" मी एकाची गचांडी धरली, तेव्हा तो म्हणाला, "मला कशाला धरता? मास्तरला धरा." मला ते पटलं. रविवार बघून मी मास्तरच्या घरी गेलो.

तो उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचा. लष्कराच्या जुन्या बराकी, त्यांत सिंधी निर्वासितांची कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे लावून केलेल्या खोल्या. अशाच एका बराकीत एका सिंधी म्हातारीनं त्याला कोपरा भाड्यानं दिला होता. म्हातारी दारात पापड वाळत घालत होती. मी मास्तरचं विचारलं. माझा चेहरा बघून तिनं ओळखायचं ते ओळखलं.

"झगड़ा करने आया है?"

मी म्हटलं, "हां."

"तो पहले बैठ." तिनं आत जाऊन एक पापड भाजून आणला आणि पाण्याचा पेला हातात दिला. "धूप से आया है. पानी पी, पापड खा. मास्टर कहीं भागता नहीं."

मला त्या बाईनं कधी पाहिलेलं नव्हतं. तिचं घरदार तिकडं सिंधमध्ये राहिलेलं. तिला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं. पण माणूस उन्हातून आला आहे एवढं तिनं बघितलं. पापड खाऊन होईस्तोवर माझा अर्धा राग गेला होता, म्हणून मास्तरशी मी नीट बोललो. पुढं जे झालं ते ऐकल्यावर वाटतं, भांडलो असतो तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "मास्तर, त्या माणसाचं वय बघा. त्यांची मुकादमी या परीक्षेवर आहे. खांदा मोडलेला आहे त्यांचा. पोरांसारखं वागवू नका त्यांना. जरा माणूस म्हणून बघा."

तो शांतपणे ऐकून घेत होता. मधे एकदा म्हणाला, "खांद्याचं मला माहीत नव्हतं." महिनाभर ज्या माणसाला रोज उभं करत होता, त्याचा हात वर जात नाही हे त्याला दिसलं नव्हतं. मग म्हणाला, "बरं. त्यांना त्रास होणार नाही असं बघतो. शब्द देतो."

मी त्याला हात जोडले आणि खूष होऊन घरी आलो. आपणही मोठ्या माणसाशी बोलून काम करून आणू शकतो, असं बायकोला ऐकवलं.

पंधरवड्यानं मामा स्वतः माझ्या दारात आले. आत आले नाहीत. अंगणात उभं राहूनच म्हणाले, "मास्तरला काय सांगून आलात तुमी?"

"का? काय झालं?"

"मला माघल्या बाकावर बसवलाय, खिडकीशी. उभा करत नाय. इचारत नाय. पाटी दाखवाया गेलो तर म्हणतो, बसा, बसा, राहू द्या, तुम्ही त्रास घेऊ नका. आता 'तुमी' म्हणतो मला." मामांना चिडलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. "आधी कान पिळीत व्हते, म्हणजे इचारीत तरी व्हते. चुकलो म्हंजी लाजंनं ध्यानात राहायचा शब्द. आता मी तिथं बसतो आन् पाखरं बघतो."

"मामा, मी असं सांगितलंच नव्हतं."

"मग काय सांगितलंत?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मंजी माझी दया कर असंच की."

तसं नव्हतं हो ते! मी आजही म्हणतो, तसं नव्हतं. माणसासारखं वागव म्हणजे कोपऱ्यात ठेव, हा अर्थ कुठल्या पुस्तकात आहे? त्याला दोनच गोष्टी येत होत्या. एक तर कान पिळणं, नाही तर वगळून टाकणं. मधली जागाच त्याला कुणी दाखवली नव्हती. जवळ जाऊन बाकावर बसावं, मामा, हा 'औ' तुम्हाला कुठं अडतो ते सांगा, असं विचारावं. एवढंच. पाच मिनिटांचं काम.

मी पुन्हा पाटी घेऊन वरच्या आळीला गेलो. सासूबाईंना सांगितलं, आज पाट नको, पाणीही नको. पण मामा बसले नाहीत. "ऱ्हावू द्या, जावई," म्हणाले. "तुमचा आवाज चढतो."

परीक्षा झाली. मामांना स्वतःचं नाव लिहिता आलं आणि बाकी काही आलं नाही. मुकादमी वर्गातल्याच एका पोराला मिळाली. मामा टोळीत गेले. उजवा खांदा कामाचा नव्हता, म्हणून ते डाव्या खांद्यावर घेत, आणि ओंडका उचलून खांद्यावर ठेवायला दर वेळी कुणाची तरी वाट बघत उभे राहत. बायको आता म्हणू लागली, "पिळला असतात त्या दिवशी तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "तूच म्हणाली होतीस ना, ताट वाढलं नसतं?" ती म्हणाली, "एक दिवस उपाशी राहिला असतात." पण कान मी तेव्हाही पिळला नाही आणि आज कुणी सांगितलं तरी पिळणार नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मास्तर मला कारखान्याच्या गेटाशी भेटला. साहेबाला भेटून बाहेर पडत होता. वर्गाचा निकाल चांगला लागला होता, साहेबानं त्याची पाठ थोपटली असावी. मला बघून स्वतःहून थांबला आणि नमस्कार केला. गेटातून आतलं लाकडाचं आवार दिसत होतं. मामा एका ओंडक्याशी उभे होते, हात लावणाऱ्याची वाट बघत.

मास्तर म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांना मी शेवटपर्यंत अजिबात त्रास दिला नाही हं. तुम्ही सांगितलं होतंत तसं."

हे तो टोमणा म्हणून म्हणत नव्हता. शब्द पाळला याचं समाधान त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मला शिवी द्यायची होती, ती तोंडातच राहिली. मी एवढंच म्हणालो, "मास्तर, मी तुम्हाला त्यांच्याकडं बघा म्हणालो होतो."

तो जरा गोंधळला. मग त्याला काहीतरी आठवलं आणि चेहरा खुलला.

"बघत होतो की," तो म्हणाला. "एकाही दिवसाची गैरहजेरी नाही त्यांची."