जालना, मागच्या सीटवरून

पुण्याहून पहाटे निघताना मी बायकोला सांगितलं, "जालन्याला गाडीचं काम आहे. जमलं तर टेंभुर्णीलाही डोकावून येईन." टेंभुर्णी म्हणजे माझं गाव. तिथे माझे वडील, अण्णा, राहतात. आणि मी आधी नाव घेतलं ते गाडीचं! आज लिहितानाही कान गरम होतात.

काम असं, की पुढच्या महिन्यात लडाखला जायचं होतं. त्याआधी मोटरसायकलचे शॉकप (धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्या) माझ्या वजनाप्रमाणे लावून घ्यायचे होते. एक मित्र म्हणाला, जालन्याच्या एमआयडीसीत शेषराव मिस्त्री आहेत, त्यांच्या हाताला तोड नाही.

दुपारी पोचलो. लोखंडाच्या मिलसमोर ट्रकांची रांग, रस्त्याची पार चाळण झालेली. पत्र्याच्या शेडमध्ये शेषराव धपाटे (मिश्र पिठाची तिखट भाकरी) खात बसले होते. मलाही एक दिलं, वर ठेचा. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी ऐटीत "मस्त!" म्हणालो.

मग गाडी किती दबते ते पाहायला त्यांनी मला वर बसवून मागच्या चाकापासून सीटपर्यंत टेप धरला.

"वजन?"

"पंचाहत्तर."

त्यांनी टेपकडे पाहिलं. "गाडी तर नव्वद म्हणून राह्यली, साहेब. बरं, मागं कोण बसतं?"

"कोणी नाही. म्हणजे, वडील बसायचे. आता एसटीनं जातात."

"काहून?"

"त्यांनाच माहीत."

शेषरावांनी हेल्मेट उचललं. "मंग चला, तुमी मागं बसा. मालकाला मागं बसवल्याबिगर म्या पान्याला हात लावत न्हाई. रीतच हाय आपली."

पहिल्याच खड्ड्यात मागचा शॉकप ठाणकन तळाला लागला आणि ती ठोकर माकडहाडातून थेट टाळूपर्यंत गेली. "हळू!" मी ओरडलो. शेषरावांनी मान डोलावली आणि गाडी तशीच दामटली. "अहो, हळू!" पुन्हा मान डोलली, पुन्हा खड्डा. शेडपाशी उतरलो तो कंबर धरूनच.

"नुसती मान काय डोलावता? थांबायचं ना!"

"म्या कुठं डोलावली?" ते बिलकुल गंभीर होते. "खड्ड्यानं हेल्मेट हालतं. आत काय ऐकू येतंय व्हय?"

मला एकदम दिवाळी आठवली. अण्णांना मागे बसवून टेंभुर्णीहून जालन्याला मावशीकडे आणलं होतं. उतरल्यावर ते असेच कंबर धरून उभे राहिले, तेव्हा मी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, "अण्णा, पोत्यासारखे काय बसता? नीट बसायला शिका!" सगळे हसले. अण्णाही हसले. त्यानंतर ते माझ्या गाडीवर कधी बसले नाहीत, आणि मी म्हाताऱ्याला हट्टी ठरवून मोकळा झालो.

हे शेषरावांना सांगितलं. "ज्याचं जळतं त्यालाच कळतं," एवढंच म्हणून त्यांनी जाड स्प्रिंग बसवली, तेल बदललं आणि दोघांच्या वजनाला बरोबर बसेल असं स्प्रिंगचं कडं आवळलं. माझं वजन त्यांनी नव्वदच धरलं.

संध्याकाळी गावी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पिशवी घेऊन जाफराबादच्या बाजाराला निघाले.

"चला, मी सोडतो."

"एसटी येतीच हाय की."

फार आढेवेढे घेतले, मग बसले. मी जपून चालवली. जाफराबादला ते सरळ पाठीनं उतरले.

"लागलं?"

"न्हाई. गादीवर बसल्यावानी आलो."

खरं तर तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण विचारलं, "मग दिवाळीत लागत होतं तर बोलला का नाही?"

"बोल्लो की. तीनदा बोल्लो. तू मान डोलवायचा अन् आजून पळवायचा. मंग म्हणलं, आसंल पोराला घाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऐकूनही मी त्यांना आदळत नेलं, असं समजून हा माणूस पाहुण्यांत माझ्यासोबत हसला होता!

"अण्णा, मला ऐकूच आलं नव्हतं. हेल्मेट हालत होतं. आणि ते पोतं म्हणालो, ते... चुकलंच माझं."

"आसंल," म्हणाले आणि माळवं (भाजीपाला) घ्यायला गेले. त्या 'आसंल'मध्ये विश्वास किती होता, ते मला विचारवलं नाही.

परतताना मी म्हणालो, "आता बोलू नका. लागलं की पाठीवर थाप मारा, मी थांबतो." दोन्ही बाजूंना कपाशी होती, रस्ता बरा होता. बरंच अंतर काही झालं नाही. मग अगदी गुळगुळीत डांबरावर पाठीवर थाप पडली. मी गाडी कडेला घेतली आणि हेल्मेट काढून मागे वळलो.

"काय झालं? लागलं?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "थांबतो का, ते पाह्यलं."