विहीणबाईंचं माप

दातांच्या दवाखान्यात पाय ठेवला की पेशंटला आधी ड्रिल ऐकू येतं. या दवाखान्यात मात्र ड्रिलच्याही आधी ऐकू यायची ती काउंटरमागची टिकटिक. ती घड्याळाची नसायची, मावशींच्या सुयांची असायची.

मावशी तिथल्या रिसेप्शनिस्ट. पेशंटचं नाव लिहून घ्यायचं, फोन घ्यायचा, फी घ्यायची आणि मधल्या वेळात चार ओळी विणून घ्यायच्या, असं त्यांचं कामाचं वेळापत्रक. सुरुवातीला डॉक्टरांनी एकदा भीत भीत विषय काढला होता.

"मावशी, पेशंटसमोर विणणं जरा बरं दिसत नाही."

"तुम्ही पेशंटसमोर दात उपटता, मी कधी काही बोलले का?"

त्यानंतर डॉक्टरांनी तो विषय मुळापासून काढून टाकला.

मावशींनी विकायला म्हणून कधी एक मोजासुद्धा विणला नाही. त्या विणायच्या ते फक्त आपल्या माणसांसाठी. आणि भेट म्हणजे अचानक हातात पडली पाहिजे, आधी कळली तर तिच्यात काय राम, असं त्यांचं ठाम मत होतं. आता भेट गुपित ठेवायची म्हटल्यावर त्या माणसाचं माप कसं घेणार? यावर मावशींनी तोडगा काढला होता. त्या माप दुसऱ्याच माणसाचं घ्यायच्या.

"अहो, तुम्ही. हो, तुम्हीच, गाल धरून बसलेले. जरा उभे राहता का? पाठ करा इकडे. अगदी आमच्या जावईबापूंसारखे खांदे आहेत हो!"

दाढ ठणकत असलेला माणूस वाद घालण्याच्या मनःस्थितीत नसतो. टेप गळ्याभोवती आली तरी ही उपचारांचीच पहिली पायरी असावी, अशा समजुतीनं तो निमूट उभा राहायचा. एका आजोबांनी तर बाहेर पडताना डॉक्टरांचा हात हातात घेऊन सांगितलं, "फार बारकाईनं तपासता हो तुमच्याकडे. काखसुद्धा!"

युक्ती नामी होती. तिच्यात खोट एकच होती, ती म्हणजे मावशींची नजर. त्यांचे जावईबापू लिफ्ट दुरुस्त करायचे. अंगानं असे की लिफ्टच्या दोन दारांच्या फटीतून सहज आरपार व्हावेत. पण मावशींच्या लेखी जावई म्हणजे घराचा भक्कम खांब. म्हणून त्यांच्या मापासाठी त्यांनी हेरला तो आखाड्यात दात पाडून घेऊन आलेला एक पैलवान. यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, स्वेटरसाठी उभा केला एक शिडशिडीत पोरगा, कारण मावशींच्या मनात यजमान लग्नाच्या दिवशी जेवढे होते तेवढेच राहिले होते. तो स्वेटर काकांच्या डोक्यातून खाली उतरायचा आणि छातीशी येऊन मुक्काम करायचा. मुलगी दोन लेकरांची आई झाली, तरी आईच्या डोळ्यांपुढे ती अजून दप्तर घेऊनच उभी असायची. तिच्या स्वेटरच्या बाह्या कोपराशीच संपायच्या.

मावशींना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण त्यांना सगळे कायम स्वेटर घातलेलेच दिसायचे. मुलीकडे जायला निघाल्या की त्या आधी फोन करायच्या, "निघाले गं." मग तिकडे आगीचा बंब येणार असल्यासारखी पळापळ व्हायची. कपाटाच्या तळातून, गादीखालून स्वेटर बाहेर निघायचे. जावईबापू त्या पैलवानी स्वेटरमध्ये शिरून हात कुठून बाहेर काढायचे ते शोधत राहायचे. मावशी दारात येईपर्यंत सगळं कुटुंब लोकरीत न्हालेलं असायचं. एकदा तर ऐन उन्हाळ्यात जावयाच्या कपाळावर घामाच्या धारा पाहून मावशी कळवळल्या, "ताप आहे का हो? मग ठेवा, ठेवा. स्वेटर काढू नका."

असं सगळं सुखात चाललं होतं. पण एके दिवशी खुद्द डॉक्टरांचीच दाढ ठणकली. दुसऱ्यांच्या दाढा हसत हसत उपटणारे डॉक्टर तोंडाला मफलर गुंडाळून पलीकडच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात गुपचूप निघून गेले आणि दवाखाना दुपारीच बंद झाला. बाहेर बोचरा वारा सुटला होता. मावशींना वाटलं, चला, लेकीकडे जाऊन गरम चहा घेऊ. त्या गडबडीत फोन करायचा राहून गेला.

दार उघडंच होतं. मावशी थेट स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याशेजारच्या कोपऱ्यात कुणीतरी पाठमोरं उकिडवं बसलं होतं. जावईबापूच. स्वेटर तोच पैलवानी, निळा, पाठीवर उभ्या दोऱ्यांची नक्षी असलेला.

"काय हो, जमिनीवर काय शोधताय?" मावशींनी प्रेमानं विचारलं.

जावईबापू काही बोलेनात. मावशी वाकून पाहतात तो काय, जावईबापूंना डोकं नव्हतं. डोक्याच्या जागी पितळी बटण होतं आणि त्यातून नारिंगी नळी शेगडीकडे गेली होती. त्यांच्या स्वेटरमध्ये गॅसचा सिलिंडर बसला होता. बाह्या पुढं घेऊन छान गाठ मारलेली. आणि खरं सांगायचं तर स्वेटर बसला होता अगदी अंगाबरोबर. कुठं एक सुरकुती नाही.

तेवढ्यात मुलगी आत आली आणि दारातच थबकली. "आई! तू फोन नाही केलास?"

"नाही केला," मावशी म्हणाल्या. "बरं झालं नाही केला ते. बिचाऱ्या सिलिंडरला अंगातला काढून द्यावा लागला असता."

"आई, अगं, त्यांना तो मोठा होतो गं जरा..."

"ह्याला झाला ना? झालं तर मग."

चहा पिऊन मावशी घरी आल्या. सुया, उरलेल्या लोकरीचे गुंडे आणि टेप एका पिशवीत भरली आणि पिशवी कपाटावर टाकली. काका वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अगं, पण मी घालतो की तुझा स्वेटर!"

"तुम्ही घालत नाही हो. तुम्ही अडकता."

इतकी वर्षं टाक्यावर टाका घालताना मावशींना बदल्यात काहीच नको होतं, असं नाही. एक गोष्ट हवी होती. आपण समोर नसताना, कुणी आठवण करून न देता, निव्वळ थंडी वाजली म्हणून कुणीतरी आपला स्वेटर अंगावर चढवावा, एवढीच. तेवढं होतच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. आता कळलं, तसं करणारा सगळ्या गणगोतात एकच निघाला, आणि तोही गॅस भरलेला.

सुया थांबल्या आणि दवाखान्याची रया गेली. टिकटिक नसल्यामुळे ड्रिलचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत स्पष्ट यायला लागला. दोन पेशंट तर "गाडी चुकीच्या जागी लावलीय" म्हणून उठले ते परतलेच नाहीत. मावशींचे हात रिकामे, त्यामुळे तोंडाला उसंत नाही. बाकावर बसलेल्याला त्या आपणहून सांगायच्या, "तुमची काय, दाढ? मग दुखेल हो." डॉक्टर हात जोडून म्हणाले, "मावशी, हवं तर लोकर मी आणून देतो."

"कुणासाठी विणू? तुमच्या कम्प्रेसरला थंडी वाजते का?"

डॉक्टर मुकाट्यानं आत गेले.

अशात एक दिवस दवाखान्याचं दार उघडलं आणि विहीणबाई आत आल्या. म्हणजे लेकीच्याच घरात राहणाऱ्या, जावईबापूंच्या मातोश्री. मावशी जगात कुणाला भीत असतील तर यांना. जन्मभर गणित शिकवलेल्या बाई. माणसांच्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, यात अख्खं आयुष्य गेलेलं. लग्न ठरवायच्या बैठकीत, सगळे गोड गोड बोलत असताना, त्यांनी मावशींच्या अंगावरच्या स्वेटरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "डावी बाही आखूड आहे." मावशींनी घरी जाऊन मोजली. आखूड होती! तेव्हापासून विहीणबाई समोर आल्या की मावशींचा डावा हात आपोआप पाठीमागं जायचा.

"दाढ काढायचीय," विहीणबाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. खांद्यावर एक विटकी शाल होती, ती त्यांनी घट्ट ओढून घेतली. मग काउंटरकडे पाहिलं. "सुया कुठं गेल्या?"

"बंद केलं विणणं."

"सिलिंडरमुळे?"

मावशींनी पेशंटांची वही पुढं ओढली.

"तो मीच घातला सिलिंडरला," विहीणबाई म्हणाल्या. बाकावरच्या बाकीच्या पेशंटांनी आपापली दुखणी बाजूला ठेवून कान टवकारले. "आमचं पोर त्यात दोनदा बसलं असतं. सूनबाई म्हणाली, कुणाला तरी देऊन टाकू. मी म्हटलं, मुळीच नाही. एवढं काम माणसानं डोळे फोडून केलंय, ते घराबाहेर जाणार नाही. मग घरात त्या मापाचं कोण आहे ते शोधलं. एकटा सिलिंडर होता."

मावशींना हसावं की रडावं कळेना.

"आणि एक विचारायचंय," विहीणबाईंचा आवाज वर्गात पोरं गप्प करायचा तोच, पण नजर मात्र समोरच्या दातांच्या तक्त्यावर. "जावयाला विणलात. नातवंडांना विणलात. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या बाळाला टोपडं विणलंत. मी त्याच घरात राहते. मला कधी एक पट्टीसुद्धा का नाही?"

मावशींच्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "तुमची भीती वाटते हो!"

बाकावरचा एक पेशंट हसला आणि लगेच गाल धरून कळवळला.

विहीणबाई उठल्या. शाल काढून बाकावर ठेवली, काउंटरपाशी येऊन ताठ उभ्या राहिल्या आणि हात पसरले. "घ्या माप. दुसऱ्या कुणाचं घेऊ नका, माझं घ्या. दाढ बधिर व्हायच्या आत घ्या, नंतर मला बोलता येणार नाही."

टेप घरी कपाटावर होती. डॉक्टर आतून बँडेजची पट्टी घेऊन धावत आले. मावशींनी ती विहीणबाईंच्या खांद्यावर ठेवली आणि त्यांचा हात थबकला. खांदे हे एवढेसे. चिमणीसारखे. इतकी वर्षं मावशी या बाईंकडे मान उंचावून पाहत आल्या होत्या, आणि बाई तर त्यांच्या हनुवटीलाही लागत नव्हत्या.

"रंग?" मावशींनी विचारलं.

"लाल. जन्मभर लाल शाईनं लिहिलं. अंगावर कधी घेतला नाही."

आता मात्र मावशी चपापल्या. कारण लाल लोकर त्यांच्या घरी होती. भरपूर होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी विहीणबाई घरी आल्या तेव्हा मावशींनी पलंगाखालची पेटी ओढली. "एकदा तुमच्यासाठी घातला होता घाट," त्या ओशाळून म्हणाल्या, "गळ्यापाशी आल्यावर धीर सुटला." पेटीतून लाल स्वेटर निघाला. निघतच राहिला. त्याचं माप मावशींनी घेतलं होतं ते दाढ भरायला आलेल्या, थाळीफेकीत बक्षिसं मिळवणाऱ्या एका बाईंचं, कारण विहीणबाईंएवढी दुसरी कुणी त्यांना दिसलीच नव्हती.

विहीणबाईंनी तो अंगात घातला. खालचा काठ जमिनीला लागला, बाह्या गुडघ्याखाली लोंबायला लागल्या. त्या आरशासमोर गेल्या, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. काकांनी धसका घेऊन वर्तमानपत्र वर केलं. आणि विहीणबाई हसत सुटल्या. दाढेची जागा अजून दुखरी होती, ती धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, एवढी? एवढी मोठी वाटते मी तुम्हाला?"

"वाटायचात," मावशी म्हणाल्या.

मग दोघी उसवायला बसल्या. विहीणबाईंनी दोन्ही हात पुढं धरले आणि मावशी त्यांच्यावर लोकर गुंडाळत गेल्या. हात असे गुंतलेले, त्यामुळे विहीणबाईंना कशाकडेही बोट दाखवता येईना. चहासुद्धा मावशींनीच त्यांच्या तोंडाला लावला. काका दारातून पाहत होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, विहीणबाईंना बेड्या घालणारी ती जगातली पहिलीच बाई.

दवाखान्यात पुन्हा टिकटिक सुरू झाली आणि पेशंट बाकावर टिकायला लागले. स्वेटर पुरा झाला तेव्हा मावशींनी तो मुलीकडे नेला, मुद्दाम फोन न करता. विहीणबाईंनी खिडकीपाशी नेऊन एकेक शिवण तपासली.  जावईबापू कोपऱ्यात सरकले.

"डावी बाही," विहीणबाई म्हणाल्या.

"आखूड?" मावशींचा जीव टांगणीला.

"लांब आहे. बोटभर." त्यांनी ती दुमडली, दुमडलेल्या घडीत हातरुमाल खोचला आणि हात हलवून पाहिला. "असू दे. खिसा झाला. उसवू नका."

"आई," जावईबापू कोपऱ्यातून मावशींना म्हणाले, "माझं पण माप घ्याल का? माझं म्हणजे, माझंच."

"आणि तो निळा?" मुलीनं विचारलं.

"तो त्यालाच राहू दे," मावशी सिलिंडरकडे पाहत म्हणाल्या. "त्यानं मला कधी फसवलं नाही."

थोड्या दिवसांनी एका दुपारी, फोनवर कुणाला तरी वेळ देता देता मावशींची नजर खिडकीबाहेर गेली. समोरच्या फुटपाथवर भाजीच्या गाडीपाशी एक ठिपका लालभडक दिसत होता. विहीणबाई गाजरं निवडत होत्या. दवाखान्याकडे त्यांची पाठ होती. इकडे कुणी पाहतंय हे त्यांना ठाऊकही नव्हतं. वाऱ्याचा झोत आला, तशी त्यांनी स्वेटरची कॉलर कानापर्यंत ओढली आणि बाहीतून रुमाल काढून नाक पुसलं. मग भाजीवाल्याशी वाद घातला, एक गाजर परत केलं आणि पिशवी उचलून चालायला लागल्या.

"मावशी, पुढचा पेशंट पाठवा!" डॉक्टरांनी आतून हाक दिली.

मावशींनी फोन तसाच खाली ठेवला होता, सुयाही मांडीत पडल्या होत्या.

"थांबा हो जरा," त्या खिडकीवरून नजर न काढता म्हणाल्या. "दाढ कुठं पळून चाललीय?"

आणि तो लाल ठिपका कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत त्या बघत राहिल्या.