माझ्या गोळ्या, त्याचं बीपी

शाळेच्या वर्गात खाटेवर माझा म्हातारा उघड्या छातीनं पडला होता आणि डॉक्टरीणबाईंना त्याची नाडी लागत नव्हती. अंग गार, ओठ पांढरे. छातीवर मशीनचा चिकट लेप तसाच. मशीनपाशी बसलेला शिकाऊ डॉक्टर विचारतो, "मॅडम, यांचं रीडिंग धरायचं का?" माणूस चालला होता आणि याला रीडिंग हवं होतं.

"पाय वर धरा!" बाई ओरडल्या. "आजी, काय खाल्लं यांनी सकाळी?"

सकाळी त्यानं चहासुद्धा घेतला नव्हता. मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. तंबाखूची पुडी निघाली आणि तिच्याखाली माझ्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी. कालपर्यंत अर्धी भरलेली होती. आता रिकामी.

आठवड्यापूर्वी ही मंडळी गावात आली होती. बीपीनं मोठ्या माणसांच्या काळजात काय बदल होतो याचा अभ्यास, म्हणाली. पारावर सगळ्यांच्या दंडाला पट्टे बांधले. म्हाताऱ्याचं बीपी लय वाढलेलं निघालं, व्याह्याचं बरोबर निघालं. व्याही आमच्याच गावातला, आमची लेक त्याच्या घरात. त्याला तेवढंच पाहिजे होतं.

"सूनबाईचं डोकं कशानं तापतंय ते आत्ता कळलं व्याही! खानदानच गरम हाय तुमचं!"

सगळा पार हसला. म्हातारा घरी येऊन जेवला नाही. मी म्हणाले, "गंगाखेडच्या डॉक्टरला दाखवा, गोळी सुरू करा."

"मला काय धाड भरली? गोळ्या बायका खात्यात."

मग शाळेत काळजाचा फोटो काढायला बोलावलं. व्याहीही येणार होता. माझा म्हातारा म्हणजे मानवतच्या बाजारात वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारा माणूस. इथं बीपी उतरवायचं होतं, तर बायकांच्या म्हणून हिणवलेल्या गोळ्या चोरून एकदम गिळल्या. बायकोच्या गोळ्या खाऊन व्याह्यापुढं मर्द व्हायचं होतं.

गोळ्यांची रिकामी पट्टी बघून बाईंनी कपाळाला हात लावला. सलाइन लावलं आणि त्यांच्याच जीपमध्ये घालून परभणीला निघालो. अर्ध्या वाटेत त्यानं डोळे उघडले. मला बघून परत मिटले.

बाई म्हणाल्या, "आजी, बीपी बऱ्याच वर्षांपासून असणार. जोर लावून लावून काळजाची भिंत जाड झालीय. मशीनवर दिसली मला."

"त्याच मशीननं डोक्याची बघा. ती ह्याच्याहून जाड निघंल."

बाई हसल्या नाहीत. अजून भरवसा नाही, म्हणाल्या. मग मी त्याचा गार हात धरून राहिले. जीप हलत होती, कुणीतरी धरायलाच पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी व्याही केळी घेऊन दवाखान्यात आला. त्याची जीभ मात्र घरी राहिली होती. म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड केलं. दोघांनाही लाज वाटत होती, पण तोंडानं कबूल कोण करणार? केळी मी खाल्ली.

आता म्हातारा रोज गोळी घेतो, त्याची त्याची. माझ्या गोळ्या मी कुलपात ठेवते. मापं घेऊन गेलेल्या मंडळींनी त्यातून काय शोधलं, ते गावात येऊन कुणी सांगितलं नाही.

म्हातारा वाचला.