तनुजानं वर आणलेला ब्लॉग

माणूस एकटा असताना मोबाइलला काय विचारतो, हे तनुजा तुपेला बरोबर कळायचं. ‘वृद्ध रुग्णांची शुश्रूषा’ असं कुणी टाइप करत नाही, ती ऑफिसातल्या नव्या पोरींना सांगायची. लोक लिहितात, ‘आई तोंड उघडत नाही काय करू’. लोक लिहितात, ‘झोपून झोपून पाठीला जखम’. आपण पानाला नाव द्यायचं ते तसंच. विचारणाऱ्याच्या तोंडचे शब्द आपल्या पानावर असले, तरच सर्च इंजिन त्याला आपल्या दारात आणून सोडतं.

ती फुलंब्रीच्या कडुबा तुपेंची थोरली. बी.एस्सी. झाली, शहरात खोली करून तीन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या आणि तिन्ही वेळा पूर्वपरीक्षेतच अडकली. चौथ्या वर्षी वडिलांनी नुसता छोटा हत्ती टेम्पो पाठवला, गादी, बादली आणि पुस्तकं परत आणायला. ड्रायव्हरच्या शेजारी बसून ती शहर संपतं त्या हर्सूलच्या टी पॉइंटपर्यंत रडली आणि पुढं रडायची थांबली. दोन महिन्यांचा क्लास केला आणि शहरातल्या कॅनॉट बाजाराच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर नोकरीला लागली. रोज फुलंब्रीहून येऊन-जाऊन.

काम असं की, इंटरनेटवर लिहून टाकलं म्हणजे ते जगाला दिसतं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. सर्च इंजिनच्या नोंदीत ते पान आधी चढावं लागतं, त्याला इंडेक्स होणं म्हणतात. नोंद नाही तर ते पान असून नसल्यासारखं. तनुजा पानं नोंदीत चढवायची आणि मग शोधाच्या यादीत हळूहळू वर आणायची. चार वर्षांत तिनं बोअरवेलवाले, दातांचे डॉक्टर, मंगल कार्यालयं असं सगळं वर आणलं. त्यात तिचं नाव कुठंच नसायचं, पण रस्त्यानं जाताना एखादी पाटी दिसली की ती मनात म्हणायची, ह्याला मी वर आणलं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्या संपल्यावर, बद्रीनाथ वाकळे गुरुजी जिना चढून धापा टाकत ऑफिसात आले. फुलंब्रीच्या झेडपीच्या शाळेत तिला चौथीला होते. रिटायर होऊन खुलताबादला आपल्या घरी राहत होते. तिनं पाया पडून खुर्ची दिली.

“तुझ्या बापानं सांगितलं, तू हरवलेलं शोधून देतीस,” गुरुजी म्हणाले.

“हरवलेलं नाय गुरुजी. न सापडणारं.”

“मग तेच.” त्यांनी मोबाइल पुढं केला.

त्यांची बायको लीलाबाई लकव्यानं चार वर्षं अंथरुणाला होती. मागच्या मार्गशीर्षात गेली. गुरुजींनी एकट्यानं तिचं सगळं केलं आणि ते करता करता मोबाइलवर ब्लॉग लिहीत गेले. कूस कशी बदलायची, पेज किती पातळ करायची, चादर न ओढता कशी काढायची. एकशे बारा लेख. प्रत्येक लेखाच्या शेवटी त्या दिवशी लीलाबाई काय बोलली, ते तिच्याच शब्दांत. जीभ जड झाल्यापासून ती दिवसाला दोन-तीन वाक्यंच बोलायची.

“मला कुणी माहीतगार नव्हतं,” गुरुजी म्हणाले. “रात्री-बेरात्री मोबाइलात शोधायचो, काय सापडायचं नाय. आता मी लिहिलंय तर तेबी कुणाला सापडंना.”

तनुजानं पहिलाच लेख उघडला. शेवटी लिहिलं होतं : ‘आज ती म्हणाली, माझं अंग भाड्यानं दिल्यावानी झालंय, आत कोण राहतं कळत नाय.’ तिनं मोबाइल खाली ठेवला आणि गुरुजींसाठी पाणी आणायला उठली.

जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खात तिनं ते काम केलं. गुरुजींच्या लेखांना नावं म्हणून नुसत्या तारखा होत्या. तिनं प्रत्येकाला लोक विचारतात तसा प्रश्न दिला. सगळ्या पानांची यादी करून सर्च इंजिनकडं पाठवली. ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टला विनंती करून त्याच्या साइटवरून ह्या ब्लॉगकडं लिंकची वाट करून घेतली. पाचव्या आठवड्यात पानं नोंदीत चढायला लागली. सातव्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला.

“तनू, गेवराईहून एकाचा फोन होता. आई तोंड उघडत नाय म्हणला. मी सांगितलं, चमच्यानं नाय, बोटानं ओठ ओला कर. पंधरा मिनिटांनी परत फोन. उघडलं म्हणला.” ते हसले. “लई बरं वाटलं बघ.”

त्या दिवशी बसमध्ये उभं राहून जाताना तनुजाचे पाय दुखले नाहीत. असले फोन पुढं रोज यायला लागले. ‘आई तोंड उघडत नाही’ असं मराठीत कुणीही विचारलं, की गुरुजींचं पान पहिलं यायचं.

ऑफिसचा मालक शिवम तिच्याहून पाचच वर्षांनी मोठा. गोड बोलायचा. आकडे त्याला आधी दिसायचे आणि मग माणसं. घरी नर्स पुरवणाऱ्या एका कंपनीचं काम त्यानं नुकतंच घेतलं होतं आणि त्यांची साइट काही केल्या वर येत नव्हती. त्यानं तनुजाला आत बोलावलं.

“हा म्हातारा कोण आहे? सगळ्या प्रश्नांवर तोच बसलाय.”

“माझे गुरुजी आहेत.”

“तूच वर आणलंस ना? हुशार आहेस.” त्यानं खुर्ची तिच्याकडं वळवली. “हे सगळं आपल्या क्लायंटच्या साइटवर पाहिजे. शब्द बदल, वाक्यं फिरव. सिस्टर संध्या नावाची एक अनुभवी नर्स सांगतेय, असं कर. फोटो मी देतो.”

“गुरुजींना विचारते.”

“अन् नाय म्हणले तर? मग चोरी होईल. न विचारता केलं तर नुसतं कंटेंट.” तो हसला. “तनुजा, मला दोन पोरी कमी करायच्यात पुढच्या महिन्यात. तुझं नाव त्यात नाय. मला ते घालायला लावू नको.”

ती जागेवर येऊन बसली. फुलंब्रीच्या रस्त्यानं येणारा छोटा हत्ती तिला दिसत राहिला. संध्याकाळपर्यंत तिनं एक फाइल उघडली. डावीकडं गुरुजींचा मजकूर आणि उजवीकडं नवा.

एकोणीस दिवस लागले. काम तिनं नीट केलं, कारण वाईट काम करायची तिला सवयच नव्हती. भाड्यानं दिलेल्या अंगाचं उजवीकडं झालं : ‘रुग्णाला स्वतःच्या शरीराबद्दल परकेपणा जाणवू शकतो.’ एकशे बारा वेळा तिनं लीलाबाईचं बोलणं असं पुसून काढलं. पहिल्या दिवशी एकच लेख झाला. आठव्या दिवशी ती एकीकडं गाणी ऐकत होती.

कंपनीची साइट जुनी आणि वजनदार होती. तीन महिन्यांत सिस्टर संध्या पहिल्या नंबरवर गेली. शब्द फिरवले तरी सर्च इंजिनच्या लेखी एकाच मजकुराची दोन पानं झाली, त्यातलं मोठ्या घरचं ते खरं ठरलं आणि गुरुजींचं नक्कल म्हणून नोंदीतून उतरलं. असं होणार हे तनुजाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिचा धंदाच तो होता.

“तनू, फोन यायचे बंद झाले,” गुरुजी म्हणाले. “माझं काय चुकलं का लिहिण्यात?”

“नाय गुरुजी. सिस्टीम बदललीय. बघते मी.”

“बघ बाळा. सवडीनं बघ.”

शेवटी गेवराईच्या त्याच माणसानं गुरुजींना सिस्टर संध्याचं पान पाठवलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून ऑफिसात हजर. शिवमनं त्यांना आत बसवलं, चहा मागवला आणि तनुजालाही बोलावलं.

“हे माझं आहे,” गुरुजी मोबाइल दाखवून म्हणाले. “नाव दुसऱ्याचं आहे. कुणाकडं तक्रार करायची, एवढं सांगा.”

शिवमनं पान शांतपणे वाचलं. मग लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. “काका, हे बघा. सर्च इंजिन काय म्हणतंय? तुमचं पान नक्कल आहे. मी नाय म्हणत, ते म्हणतंय. ही मोठी कंपनी आहे, त्यांचे वकील आहेत. त्यांनी बघितलं तर नोटीस येईल तुम्हालाच. बायकोच्या आजाराचा मजकूर चोरला म्हणून कोर्टात उभं राहणार का ह्या वयात?”

गुरुजींनी तनुजाकडं बघितलं. “तनू, तू सांग. तू वाचलंय माझं आधी.”

शिवमही तिच्याकडं बघत होता. तो चहात बिस्कीट बुडवत होता.

“सिस्टीमला तसं दिसतंय, गुरुजी,” तनुजा म्हणाली.

चाळीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींनी कुणाच्या पाटीवरचं बघून लिहिणाऱ्या पोराला वर्गाबाहेर उभं केलं होतं. चोर म्हणवून घ्यायची भीती त्यांना मरणापेक्षा मोठी. कपाळ पुसत ते म्हणाले, “मग काय करू?”

“काढून टाका. विषय संपला. तनुजा मदत करील.”

“कुठं दाबायचं, बाळा?”

तिनं त्यांच्याच मोबाइलवर दाखवलं. आधी एक बटण, मग खात्री विचारणारं दुसरं. त्यानंतर ब्लॉग काही दिवस कचऱ्यात पडून राहतो आणि मागं आणता येतो, हे तिला ठाऊक होतं. पण शिवमनं बोटानं तिसरं बटण दाखवलं, कायमचं पुसण्याचं. तनुजानं गुरुजींचं बोट धरून त्यावर नेलं. बोट थंड होतं. दाबल्यावर गुरुजींनी विचारलं, “झालं?” आणि चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी शिवमनं ती दोन रकान्यांची फाइलही तिला पुसायला लावली. पुरावा नको. तिनं पुसली. महिन्याभरात दोन पोरी गेल्या आणि तनुजा उरलेल्यांची मुख्य झाली. कडुबांनी गावात पेढे वाटले.

दोन महिन्यांनी गुरुजींचा फोन आला, तेव्हा आवाज ओळखू येईना.

“तनू, त्यातलं काही तुझ्याकडं राहिलंय का गं? मी वहीत कधी लिहिलंच नाय. सगळं मोबाइलातच होतं. पूर्वी वाटायचं आठवंल. नाय आठवत.”

तिनं होतं-नव्हतं तेवढं धुंडाळलं. न सापडणारं शोधणं हेच तिचं काम, पण जिथं शोधावं तिथं सिस्टर संध्याच वर येत होती. मग तिनं सिस्टर संध्याचीच सगळी पानं छापली आणि रविवारी बसनं घाट चढून खुलताबादला गेली.

गुरुजींनी ओसरीवर सतरंजी टाकली आणि स्वतः चहा केला. लीलाबाईची खाट अजून तिथंच होती, तिच्यावर तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. तनुजा वाटेत ठरवून आली होती. चहाच्या आधीच तिनं सांगितलं, “गुरुजी, ते लिहिणारी मीच.”

“माहितेय,” गुरुजी म्हणाले. “दुसऱ्या कुणाला एवढं सगळं वाचायची सवड कुठाय?”

ते रागावले असते, तर तिला तिथं बसणं सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि कागद मांडीवर ओढून शाळेतल्यासारखे दुरुस्त करायला लागले. ‘परकेपणा’ खोडून त्यांनी भाड्याच्या अंगाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. पुढं चार पानं भराभर झाली. मग पेन्सिल थांबत थांबत चालायला लागली. ऊन ओसरीवरून उतरलं, तेव्हा त्यांनी शेवटचा कागद काढला. लीलाबाई गेली त्याच्या आदल्या दिवशीचा.

त्यावर लिहिलं होतं : ‘या टप्प्यावर रुग्ण जवळच्या व्यक्तीशी भावनिक संवाद साधतात. तो शांतपणे ऐकून घ्यावा.’

“हितं काय म्हणली होती ती?” गुरुजींनी विचारलं. “दोनच शब्द होते का तीन. माझ्या हातानं लिहिलेत मी.”

तनुजा कागदावर वाकली.

“तू वाचलंस ना ते? बदलायच्या आधी वाचलंच असशील. तुला आठवत असंल, तू हुशार होतीस पाठांतराला.”

तिनं डोळे मिटले. त्या दिवशीचं ऑफिस आठवलं, एकोणिसावा दिवस, काम संपत आल्याचा आनंद, कानातलं गाणं. उजवीकडची दोन वाक्यं स्वल्पविरामासकट आठवली. डावीकडं काय होतं ते आठवेना.

“नाय आठवत, गुरुजी.”

“परत बघ.”

“नाय.”

“बस इथं. आठवंस्तोवर बस.” आवाज चढलेला नव्हता. चौथीच्या वर्गातला होता. ती बसली. तासभर बसली. गुरुजी पेन्सिल धरून तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मधेच तिनं काहीतरी रचून सांगायचं मनात आणलं, ‘जपून राहा’ असलं काही. तोंड उघडलंही. गुरुजी पुढं वाकले आणि तिच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं.

“आता तेबी तूच लिहून देणार व्हय?”

त्यांनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि तिच्या हातात दिले. “हे घेऊन जा. घरात परकी बाई नको मला.”

शेवटची बस मिळावी म्हणून ती उतारावरून भरभर चालत सुटली. सोमवारी कंपनीला महिन्याचा अहवाल पाठवायचा होता. तो तिनं वेळेत पाठवला. सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं पान लीलाबाई गेली त्याच्या आदल्या दिवशीचं होतं.