ओर्सोलाकाकूची पट्टी

निखळलेले सांधे बसवायचं काम ओर्सोलाकाकूकडे तिच्या आईकडून आलं होतं. लोम्बार्डीतल्या आमच्या गावात खेचरावरून पडलेला माणूस तिच्याच दारात येई. तुरुंगातूनही तिला बोलावणं येई.

तिथे आरोपीचे हात पाठीमागे बांधून दोरीने वर ओढत. लटकलेला माणूस गुन्हा कबूल करी. मग दुसऱ्या दिवशी, दोरीपासून लांब बसून, त्याने तेच पुन्हा सांगायचं. नाकारलं तर पुन्हा दोरी. फक्त निखळलेला खांदा बरा होईपर्यंत टांगायचं नाही, एवढा नियम होता. काकू खांदा बसवी, बरा आहे म्हणून सांगे आणि घरी येई. आपण कुणाच्या तरी वेदना कमी केल्या, असंच तिला वाटे.

खेचरवाल्या जेर्वाझोवर देवळातला चांदीचा दिवा चोरल्याचा आळ आला. दोरीवर त्याने चोरी कबूल केली. गुन्हा फाशीचा होता. काकूने त्याचा खांदा हातात घेतला तेव्हा तो हळूच म्हणाला, “मावशी, इतका चांगला नको बसवूस. उद्या मी नाही म्हणणार आहे.”

काकूचा हात थांबला. मग तिने खांदा बसवला, त्यावर घट्ट पट्टी बांधली, आणि न्यायाधीशांना सांगितलं, बरा नाही.

न्यायाधीश दुष्ट नव्हते. मिलानहून आलेलं एक पातळ पुस्तक तेव्हा कॉफीच्या दुकानात मोठ्याने वाचलं जाई. वेदना म्हणजे पुरावा नव्हे, असं त्यात होतं.

“पुस्तक मलाही पटलंय, बाई,” ते म्हणाले. “पण कायदा अजून जुनाच आहे.”

“मग जुन्या कायद्यानेच चला. खांदा बरा नाही.”

दुसऱ्या दिवशी जेर्वाझोने नाकारलं. न्यायाधीशांनी शेजारच्या गावातून आम्ब्रोज्योला आणवलं. तोही सांधे बसवणारा. काकूचं आणि त्याचं कधी पटलं नव्हतं. त्याने पट्टी सोडली, खांदा बराच वेळ चाचपला, काकूकडे एकदा पाहिलं.

“कणीक मळल्यासारखा बसवलाय,” तो म्हणाला. “कसली ही बाई. इतक्यात टांगलंत तर हातच निकामी होईल.”

आयुष्यात पहिल्यांदा काकूने त्याचं बोलणं निमूट ऐकून घेतलं.

कबुली पक्की होईना, त्यामुळे फाशीही देता येईना. खटला तसाच लोंबकळत राहिला. दर रविवारी प्रार्थना आटोपली की काकू तुरुंगात जाते. जेर्वाझो दोन्ही हातांनी मक्याची घट्ट लापशी खातो. बाहेर पावलं वाजली की ती त्याचा हात पुन्हा पट्टीत घालते आणि गाठ आवळते.