कान होईन, तोंड नाही

ती बोलायला उभी राहिली की समोरच्याची पाचावर धारण बसायची, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. घरात आई बहिरी, बाबा बहिरे, ऐकणारी-बोलणारी एवढी एकच पोर. मग दूधवाल्याशी तिनंच बोलायचं, घरमालकाशी तिनंच भांडायचं, फोन तिनंच उचलायचा. काउंटरची कड कपाळाला लागायची त्या वयात ती बँकेतल्या साहेबाला टाचा उंचावून खडसावत होती, "बाबा म्हणतात, तुम्ही चुकताय!" गल्लीतले लोक तिला नावानं हाकच मारायचे नाहीत. "आलं बघा, तोंड आलं!" म्हणायचे. तिला राग यायचा नाही. उलट मान ताठ करून चालायची.

पण या नोकरीला सुट्टी नव्हती. तिसरीत असताना बाबांचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी कागद हातात धरून आईकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि जे सांगायचं ते हिलाच सांगितलं. दुसरं होतं कोण? दवाखान्याच्या जिन्यात बसून तिनं ते आईला हातांनी सांगितलं. बाबा फार दिवसांचे सोबती नाहीत, हे कुठल्या खुणेनं सांगायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिनं आपलीच खूण बनवली. दुसऱ्याचं तोंड होणं म्हणजे काय पुण्याचं काम, असं लोकांना वाटतं. वाटू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मोठी झाल्यावर ती शिक्षिका झाली, तीही बहिऱ्या मुलांच्या शाळेत. तिथं बोलण्याचा तास तिच्याकडे. आरसा समोर ठेवायचा, मुलानं एक हात बाईच्या गळ्यावर ठेवायचा, दुसरा आपल्या गळ्यावर, आणि घशातली थरथर जुळवत एकेक अक्षर ओढून काढायचं. एका 'क'साठी महिना गेला तरी बाई हटायची नाही. मुलं रडायची, आरसा ढकलून द्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. आणि एवढी मरमर करून कमावलेला आवाज घेऊन एखादी पोर दुकानात गेली, की दुकानदार तिच्याकडे न बघता सोबतच्या आईला विचारायचा, "हिला काय हवंय?" हे ऐकलं की बाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तर शाळेच्या मागच्या इमारतीत एक काका राहायचे. वीज खात्यातून निवृत्त झालेले, हौशी रेडिओवाले. गच्चीवर इतक्या काठ्या आणि तारा, की मुलं त्यांना अँटेनाकाकाच म्हणायची. अंतराळस्थानक आपल्यावरून जातं तेव्हा दहा-एक मिनिटं तिथल्या माणसाशी रेडिओवर बोलता येतं, आणि शाळांसाठी तशी सोय असते, हे त्यांनीच सांगितलं. त्यांनीच शाळेच्या वतीनं अर्ज केला, आणि तो मंजूर झाला. नशिबानं त्या वेळी वर मराठी बोलणारा एक अंतराळवीर होता.

शाळेच्या संस्थेचे सचिव आधी हसले होते. "रेडिओ? आणि आपल्या मुलांना? काका, आंधळ्याला आरसा कशाला दाखवताय?" मंजुरी आली, वर्तमानपत्रवाले येणार कळलं, तशी त्यांची कळी खुलली. मग त्यांना युक्ती सुचली.

"प्रश्न आपल्या मुलांचे," ते बाईला म्हणाले, "पण वाचतील पलीकडच्या शाळेतली मुलं. स्वच्छ, स्पष्ट. आपली मुलं शेजारी छान गणवेशात बसतील."

"फोटोपुरती?"

"बाई, तुम्ही लगेच हातघाईवर येता. बरं, ती मुलं नकोत, तुम्ही वाचा. तुमचा आवाज काय खणखणीत!"

"मी त्यांचे कान होईन," बाई म्हणाली. "वरून जे येईल ते खुणांनी सांगेन. तोंड होणार नाही. त्यांना आहे ते."

"आणि वरच्या माणसाला ओ की ठो कळलं नाही तर? नाचक्की होईल, नाचक्की!"

"झाली तर त्यांची होईल. आपण तीसुद्धा कधी त्यांच्या वाट्याला येऊ देत नाही."

सचिव म्हणाले, काही बिनसलं तर पुढच्या वर्षी बोलण्याचा तास ठेवायचा की नाही याचाच विचार करावा लागेल. म्हणजे काय ते दोघांनाही कळलं. बाईनं नमस्कार केला आणि दार जरा जोरात लावलं.

घरी आली ती भांडी आदळत. म्हाताऱ्या आईला आदळआपट ऐकू येत नव्हती, पण ओट्याला टेकलेल्या कोपराला ती कळली. तिनं हातानं विचारलं, काय झालं? बाईनं सगळं सांगितलं, आणि मग, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं: मी तुझ्या वतीनं बोलायचे, ते तुला आवडायचं ना?

आईनं जरा विचार केला. मग तिचे हात चालू लागले: भाजीवाल्याशी तू फार झकास भांडायचीस. पण मला हवी ती भाजी कधी घरी आली नाही.

बाई हसली, पण ते तिला लागलं.

तयारी सुरू झाली. अडचण अशी की रेडिओवर दोघांना एकदम बोलता येत नाही. बटण दाबून बोलायचं, शेवटी 'ओव्हर' म्हणायचं, बटण सोडायचं, मग पलीकडचा बोलणार. पण त्याचं 'ओव्हर' या मुलांना कळणार कसं? सरावाच्या पहिल्या दिवशी काका खालच्या मजल्यावरून दुसऱ्या यंत्रावर बोलत होते आणि मुलं त्यांच्या बोलण्यावरच बटण दाबत होती. काकांच्या नाकी नऊ आले. मग मुलांनीच बघितलं, यंत्रावर एक काटा आहे. पलीकडच्यानं बटण दाबलं की तो वर चढतो, सोडलं की खाली पडतो. झालं! काटा पडला की आपली पाळी. ऐकू येणारी माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात, ही पोरं काट्यावर डोळा ठेवून शहाण्यासारखी थांबायला लागली.

त्यांतली एक भिंगरी. एका जागी बसली तर शपथ, म्हणून हे नाव. तिचा आवाज घशातून यायचा, मोठा, आणि निम्मी व्यंजनं वाटेत सांडून यायची. बसथांब्यावर कुणा टवाळानं तिची नक्कल केली तेव्हापासून ती शाळेबाहेर तोंडच उघडेना. पण प्रश्न तिनं असा काढला की तिला वगळणं कुणाला जमेना: तुमचं वर भांडण झालं, तर रुसून जाता कुठं?

"बाई," काका हळूच म्हणाले, "हिचं बोलणं मलाच अजून कळत नाही नीट. रेडिओच्या खरखरीत तर आणखी अवघड जाईल."

"प्रश्न तिचा आहे, काका. ती विचारेल."

तो दिवस उजाडला. शाळेचा हॉल भरला. टेबलावर यंत्र, मायक्रोफोन, एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला बाई, मध्ये रांगेनं दहा मुलं. सचिव पहिल्या रांगेत, देवाचा धावा करत असल्यासारखे. काकांनी हाक घातली, पुन्हा घातली, आणि खरखरीतून एकदम माणसाचा आवाज आला. काटा ताडकन उभा राहिला. ऐकू येणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, न येणाऱ्यांनी हात हवेत हलवले.

पहिल्या मुलाचा प्रश्न दोन शब्दांचा, "झोपता कसे?" तो वरच्याला लगेच कळला. दुसऱ्याचा दुसऱ्यांदा कळला. मग भिंगरी पुढं आली. बटण दाबलं, छाती भरून घेतली आणि एका दमात बोलून टाकलं. "ओव्हर."

काटा चढला. "माफ कर, कळलं नाही. पुन्हा सांगशील? ओव्हर." बाईनं ते खुणांनी सांगितलं. काटा पडला. भिंगरी पुन्हा बोलली, आणखी जोरात. आवाज फाटला. मागं कुणीतरी हसलं.

"अजूनही नाही कळलं गं. ओव्हर."

सचिव अर्धे उभे राहून बाईला खुणावत होते: तुम्ही सांगा, तुम्ही! वेळ चालला होता, मागं सात मुलं उभी होती. भिंगरीच्या मानेची शीर फुगलेली दिसत होती. आणि खरं सांगायचं तर, एवढं सगळं बोललेल्या त्या बाईचा हात उचलला गेला. बँकेतल्या काउंटरपासूनची सवय ती. बोटं मायक्रोफोनपर्यंत गेली, तोंड उघडलं, "तिला म्हणायचंय, की..."

फाट्कन हातावर चापट बसली.

भिंगरीनं मायक्रोफोन छातीशी ओढला होता आणि मोकळ्या हातानं खूण केली होती: तू गप्प बस! त्यात अहोजाहो नव्हतं, बाईबिई नव्हतं. अख्ख्या हॉलसमोर. बाईला जन्मात कुणी गप्प बसवलं नव्हतं, ते एका वीतभर पोरीनं बसवलं. बाईनं हात मांडीवर ठेवले आणि ओठ मिटले. तिला इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा ते तिला कळेना.

भिंगरीनं घाई केली नाही. आरशासमोर बसल्यासारखा एक हात आपल्याच गळ्यावर ठेवला. बटण दाबलं. एकेक शब्द सुटा करून, मध्ये थांबत, ती म्हणाली, "भांडण. झालं. तर. कुठं. जाता? ओव्हर."

काटा चढला, आणि वरचा माणूस मोठ्यांदा हसला.

"भांडण झालं तर! अगं, जायला जागाच नाही. मी सामानाच्या पिशव्यांमागं तोंड खुपसून तरंगत राहतो. आणि ज्याच्याशी भांडलो, तो नेमका तिथंच येतो, कारण त्यालाही दुसरी जागा नाही. ओव्हर."

बाईनं ते खुणांनी सांगितलं. भिंगरी खदखदून हसली, नेहमीसारखी, घशातून. आणि ठरलेलं नसताना तिनं पुन्हा बटण दाबलं. "मग. आधी. कोण. बोलतं? ओव्हर."

या वेळी पुन्हा सांगावं लागलं नाही. "मी तर नाही! ओव्हर."

हॉलमध्ये हशा उसळला. पुढची मुलं भराभर आली. आणखी तिघांचं झालं, आणि सातव्यानं प्रश्न विचारला तेव्हा पडलेला काटा पुन्हा उठलाच नाही. स्थानक क्षितिजाखाली गेलं होतं.

"दहातले सहाच!" सचिव कपाळाला हात लावून म्हणाले. "मी सांगत होतो की नाही?"

"सहाही त्यांचेच," बाई म्हणाली. "पलीकडच्या शाळेचा एकही नाही."

राहिलेली चार मुलं भिंगरीवर तुटून पडली. तू दोन प्रश्न घेतलेस, आमची पाळी खाल्लीस! खुणांची नुसती चकमक उडाली. भिंगरीही ऐकून घेणारी नव्हती. चूक तिची होती, तरी ती जोरात भांडत होती. काका म्हणाले, "बाई, सोडवा की." बाई मध्ये पडली नाही. ज्याचं भांडण त्यानं भांडावं.

तेवढ्यात वही-पेन घेऊन एक तरुण वार्ताहर बाईकडे आला. "बाई, पटकन एक सांगा. त्या मुलीला काय वाटतंय आत्ता?"

"तिला विचारा."

तो ओशाळं हसला. "तसं नाही, पण तिचं बोलणं मला समजणार नाही ना."

"इतक्या उंचावरच्या माणसाला समजलं," बाई म्हणाली. "तुम्ही तर समोर उभे आहात." तिनं एक खुर्ची ओढून भिंगरीपुढं ठेवली, त्याला खांद्याला धरून तीत बसवलं, आणि ती चहा प्यायला निघून गेली.